आखूड नळीचा हिशेब

अडगाव आणि गाविलगड या वऱ्हाडातल्या दोन लढायांमध्ये जेमतेम सोळा दिवसांचे अंतर आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, आज तेल्हारा तालुक्यात असलेल्या अडगावच्या मोकळ्या काळ्या शिवारात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्यासमोर उभी ठाकली. मराठ्यांच्या तोफा लांबून धडाडू लागल्या तशा ईस्ट इंडिया कंपनीच्या काही पलटणी फुटून मागे पळाल्या आणि त्यांना गोळा करून पुन्हा रांगेत उभे करायला खुद्द वेलस्लीला धावावे लागले. १५ डिसेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी गाविलगड घेतला, तेव्हा लढाईचे रूप पार पालटले होते. बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडार पाडले हे खरे, पण आतल्या किल्ल्याचा निकाल लावला तो शिडी लावून तट चढलेल्या मूठभर शिपायांनी, अरुंद दरवाजांच्या तोंडाशी, हातघाईवर. एकाच मोहिमेत, एकाच मुलखात शिपायाला एकदा हजार पावलांवरचा शत्रू भेटला आणि एकदा दहा पावलांवरचा. या दोन्ही अंतरांना पुरेल असे एकच हत्यार तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

हा जुना प्रश्न आता पुन्हा निघण्याचे कारण ताजे आहे. ३० डिसेंबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने सव्वाचार लाखांहून अधिक ‘क्लोज क्वार्टर बॅटल’ कार्बाइनच्या खरेदीचा करार केला. किंमत २,७७० कोटी रुपये; म्हणजे साहित्यासह एका नगाला सुमारे पासष्ट हजार. पुरवठादार दोन आहेत, पुण्याची भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्स. भारत फोर्जच्या कार्बाइनचा आराखडा पुण्यातच पाषाणच्या एआरडीई या संशोधन संस्थेत तयार झाला. महाराष्ट्रात आखलेले आणि महाराष्ट्रातल्या कंपनीने बनवलेले हत्यार लाखांच्या संख्येने सैन्यात जाते आहे, याचे कौतुक व्हायलाच हवे आणि ते झालेही. मात्र या कौतुकाच्या भरात एक मागणी हळूच डोके वर काढेल: सैन्याला मिळाले, आता पोलिसांनाही हेच द्या. सैन्याची खरेदी उशिरा झाली तरी योग्य आहे, पण तीच कार्बाइन अमरावती-अकोल्याच्या पोलीस बंदोबस्तात सर्रास उतरवणे चुकीचे ठरेल, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी नळी आखूड केल्यावर नेमके काय होते ते आधी पाहावे लागेल.

नळी कापली की बंदूक फक्त लहान होते, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. गोळीला वेग मिळतो तो दारू जळून तयार झालेल्या वायूच्या दाबामुळे, आणि हा दाब गोळी नळीत असेपर्यंतच तिला ढकलतो. ५.५६ बाय ४५ मिलिमीटरचे काडतूस मुळात वीस इंची, म्हणजे सुमारे ५०८ मिलिमीटरच्या नळीसाठी घडवले गेले. त्या नळीतून गोळी सेकंदाला सुमारे ९४० मीटर वेगाने सुटते. अमेरिकी एम-४ कार्बाइनची नळी साडेचौदा इंची आहे, तिथे हा वेग ९०० च्या आसपास किंवा थोडा खाली येतो. नळी दहा इंचांवर आणली की तो ८०० च्या जवळपास घसरतो. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण ही हलकी, बारीक गोळी शरीरात आपले काम करते ते वजनाच्या जोरावर नव्हे, वेगाच्या जोरावर. जुन्या बनावटीच्या लष्करी गोळ्या साधारण ७५० ते ८०० मीटरच्या वर वेग असेल तरच आत फुटतात. त्याखाली त्या बऱ्याचदा सुईसारख्या आरपार निघून जातात. लांब नळीच्या रायफलीला हा पल्ला दीडशे मीटरपर्यंत किंवा त्याहूनही पुढे मिळतो, फार आखूड नळीला तो तोंडापाशीच संपतो. न जळलेली उरलेली दारू नळीबाहेर पेटते, त्यामुळे आगीचा लोळ मोठा आणि बंद खोलीत आवाज कानठळ्या बसवणारा. त्यात यंत्रणेचाही भाग येतो. वायू वळवून बोल्ट मागे ढकलणारे छिद्र आखूड नळीत काडतुसाच्या जवळ येते, तिथे दाब जास्त असतो, बोल्ट वेगाने आणि लवकर मागे येतो, सुटे भाग लवकर झिजतात, रिकामे काडतूस बाहेर काढताना अडथळे वाढतात. एआरडीईसारख्या संस्थेतले अभियंते वर्षानुवर्षे ज्याच्याशी झुंजतात ते हेच: काही इंच लांबी वाचवायची आणि त्याच्या बदल्यात काय काय सोडायचे याचा ताळेबंद. आखूडपणा फुकट मिळत नाही.

तो कुणाला परवडतो, याचे उत्तर इतिहासात वारंवार सापडते. कार्बाइन जन्मली घोडेस्वारासाठी. अडगावला वेलस्लीबरोबर असलेल्या घोडदळाकडेही याच जातीचे हत्यार होते, कारण खोगिरावर बसून लांब बंदूक पेलत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एम-१ कार्बाइन बनवली ती तोफखान्याचे गोलंदाज, वाहनचालक, दळणवळणवाले यांच्यासाठी. पिस्तूल त्यांना अपुरे पडत होते आणि लांब रायफल आड येत होती. वजन जेमतेम अडीच किलो, आणि साठ लाखांहून अधिक नग बनले. पुढे आघाडीच्या पायदळानेही ती हलकी म्हणून उचलली आणि कोरियाच्या युद्धात तिची गोळी कमकुवत पडते अशा तक्रारी सुरू झाल्या. ब्रिटिशांनी १९४४ मध्ये ली-एनफील्ड कापून ‘जंगल कार्बाइन’ काढली. दारूगोळा पूर्ण ताकदीचाच राहिला, त्यामुळे खांद्याला बसणारा धक्का असह्य झाला, नेमही स्थिर राहत नाही असा बभ्रा झाला आणि तीन वर्षांत उत्पादन थांबले. सोव्हिएत संघाने कलाश्निकोवची नळी २०६ मिलिमीटरवर आणून रणगाड्यांच्या आणि हेलिकॉप्टरच्या दलांसाठी एकेएस-७४यू बनवली. मूळ रायफलीचा ९०० मीटरचा वेग तिच्यात ७३५ पर्यंत उतरला, आणि हे ठाऊक असूनच ती त्या लोकांना दिली गेली. सर्वांत बोलके उदाहरण एम-४ चे. अमेरिकेने १९९० च्या दशकात स्वीकारलेली ही कार्बाइन बघता बघता सरसकट सगळ्या पायदळाचे हत्यार बनली. इराकच्या गल्ल्यांत ती शोभली. अफगाणिस्तानच्या डोंगरांत शत्रू चारशे-पाचशे मीटरवरून मारा करू लागला, तेव्हा एका अमेरिकी मेजरने २००९ मध्ये अभ्यास लिहून दाखवले की तीनशे मीटरच्या पुढे पायदळाची पकड सुटली आहे. त्याआधी १३ जुलै २००८ रोजी अफगाणिस्तानातल्या ‘वनात’ या गावी नऊ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्या लढाईत सलग माऱ्याने तापून कार्बाइन अडकल्याच्या नोंदी आहेत. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्याने ६.८ मिलिमीटरची नवी, जड आणि लांब पल्ल्याची रायफल निवडली, ती याच अनुभवातून. एम-४ वाईट होती असे यातून सिद्ध होत नाही. ती ज्या अंतरासाठी बनली होती त्या अंतराबाहेर तिला पाठवले गेले, एवढेच.

आपल्याकडच्या कार्बाइनची कथा उशिराची आहे, आणि त्या उशिरामागेही हाच गोंधळ आहे. स्टर्लिंग या ब्रिटिश कार्बाइनची भारतीय आवृत्ती १९६० च्या दशकापासून कानपूरला बनत आली. ९ मिलिमीटरची गोळी, १९६ मिलिमीटरची नळी, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, बट दुमडली की दीड फुटाहून थोडी लांब. जवळच्या मारामारीत उपयोगी, शंभर मीटरच्या पुढे भरवसा नाही, आणि चिलखत घातलेल्या शत्रूपुढे निष्प्रभ. इन्सास रायफलीच्या कुटुंबात कार्बाइनही असावी असा मूळ बेत होता. रायफल आली, हलकी मशीनगन आली, कार्बाइन मात्र सैन्याच्या पसंतीस उतरली नाही. मग २०१० च्या सुमारास ४४,६१८ कार्बाइनची परदेशी खरेदी सुरू झाली आणि चाचण्यांअखेर एकच इस्रायली कंपनी शर्यतीत उरल्याने ती गुंडाळली गेली. २०१८ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या कॅराकलची निवड झाली, सुमारे ९४ हजार नगांसाठी; करार न होताच २०२० मध्ये तेही बारगळले. जुलै २०२२ मध्ये देशी खरेदीला मंजुरी मिळाली आणि २०२५ च्या अखेरीस सही झाली. या दीड दशकाचे खापर सगळे खरेदीच्या नियमांवर फोडण्याची आपल्याला सवय आहे, आणि नियमांचा वाटा मोठा आहे हे मान्यच करायला हवे. तरीही एक गोष्ट नजरेआड करू नये. याच काळात पुण्याच्या एआरडीईकडे ५.५६ बाय ३० मिलिमीटरची जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन, म्हणजे जेव्हीपीसी, घडत होती. तीन किलो वजन, मिनिटाला सातशेहून जास्त गोळ्या, शंभर मीटरच्या वरचा पल्ला. डिसेंबर २०२० मध्ये तिने वापरकर्त्यांच्या चाचण्यांची शेवटची फेरी पार केली. सैन्याने अखेर निवडले ते दुसरे, पूर्ण लांबीचे काडतूस आणि दोनशे मीटरच्या पल्ल्याची अपेक्षा. हे दोन वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे निकष आहेत: पहिले हत्यार रक्षकाचे, दुसरे चढाई करणाऱ्याचे. कोणते हवे हे पहिल्या दिवशी स्पष्ट असते तर परीक्षा इतकी लांबली नसती.

आता सैन्याच्या खरेदीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. अमेठीजवळ कोरव्याला सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली बनत आहेत. त्यांची बट दुमडते, नळी ४१५ मिलिमीटरची म्हणजे फार लांबही नाही. शिवाय आघाडीच्या तुकड्यांना ७.६२ बाय ५१ ची सिग रायफल मिळते आहे. मग तिसरे काडतूस कशाला? एकाच पलटणीसाठी वरणगावच्या कारखान्यातून एक जातीची गोळी, दुसरीकडून दुसऱ्या जातीची, आणि पुलगावच्या भांडारात तिन्हींच्या वेगळ्या थप्प्या, हा पसारा युद्धात महागात पडतो. आक्षेप खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. माझे उत्तर इतकेच की ५.५६ चे काडतूस इन्सासमुळे आधीच सैन्याच्या साखळीत आहे, ते नव्याने आणायचे नाही. आणि रणगाडा, चिलखती गाडी, नौदलाची चढाई करणारी नाव किंवा काश्मिरातली घराची तपासणी यांत दोन किंवा तीन इंचांचा फरकही दारातून आत जाणाऱ्या जवानासाठी जिवाचा असतो. सव्वाचार लाख ही संख्या मात्र मला मोठी वाटते. एवढ्या संख्येने दिलेले हत्यार हळूहळू ‘सगळ्यांचे’ होते, आणि एम-४ चा अनुभव ताजा आहे. हिमालयाच्या उंचीवर दोनशे मीटरची कार्बाइन घेऊन जवान उभा राहिला तर दोष आराखड्याचा नसेल. ज्यांच्यासाठी ती घेतली आहे त्यांची यादी सैन्याने पक्की ठेवावी आणि ती मोडू देऊ नये, ही अट या खरेदीबरोबरच यायला हवी.

वऱ्हाडात हा प्रश्न पोलिसांच्या रूपाने येतो. अमरावतीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ९ आहे. राखीव दलाच्या कंपन्या राज्यभर फिरतात. आज गडचिरोलीच्या जंगलात, उद्या एखाद्या शहरात बंदोबस्तावर. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दोन दिवस जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली, एकाचा जीव गेला. मोर्णेच्या काठची ती वस्ती किंवा अमरावतीत जवाहर गेट, अंबा गेटच्या आतले परकोटातले मोहल्ले ज्यांनी नकाशात तरी पाहिले असतील त्यांना पुढचे मुद्दाम सांगायला नको. बोळ दहा-बारा फुटांचे, घराला घर चिकटलेले, जागोजागी टिनाच्या शेडी, विटांच्या पातळ भिंती, गच्चीवर आणि खिडकीत माणसे. अशा जागी लष्करी वेगाची गोळी समोरच्या माणसावर थांबत नाही. ती त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे कोण बसले आहे हे विचारत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४९ जमाव पांगवण्यासाठी बोलावलेल्या लष्करालाही कमीत कमी बळ वापरण्याचे आणि कमीत कमी इजा करण्याचे बंधन घालते. लष्करावर हे बंधन असेल तर पोलिसांवर त्याहून सैल कसे असेल?

यावर अनुभवी अधिकारी लगेच म्हणतील, पोलिसांकडे आजही एसएलआर आणि इन्सास आहेत, आणि एसएलआरची ७.६२ ची गोळी तर कार्बाइनपेक्षा कितीतरी जास्त भेदते. मग कार्बाइन आली तर उलट परिस्थिती सौम्य होईल. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे, आणि म्हणूनच माझा मुद्दा फक्त नव्या कार्बाइनपुरता नाही. गर्दीसमोर कुठलीही लष्करी गोळी नको. पण कार्बाइनचा एक वेगळा धोका आहे, तो तिच्या सोयीत लपलेला आहे. लांब एसएलआर खांद्यावर घेऊन गल्लीत फिरणे गैरसोयीचे असते, म्हणून ती बहुधा गाडीत किंवा मागच्या ओळीत राहते. आखूड, हलकी, गळ्यात अडकवता येणारी कार्बाइन मात्र प्रत्येक जागी बरोबर राहते: गर्दीच्या तोंडावर, मिरवणुकीच्या कडेला, पुढाऱ्याच्या गाडीच्या पायरीवर. ती स्वयंचलित असते आणि धक्काबुक्कीत तिच्यावर दुसऱ्याचा हात सहज पडतो. जुन्या स्टर्लिंग प्रकारच्या कार्बाइन हातातून पडल्या तरी झटक्याने गोळी सुटू शकते, कारण त्यांचा बोल्ट उघडाच मागे राहतो. नव्या कार्बाइनमध्ये हा दोष नाही, पण सवय मात्र तीच राहील. जवळ असलेले हत्यार वापरले जाण्याची शक्यता दूर ठेवलेल्या हत्याराहून जास्त, हे कुठल्याही शस्त्रागाराच्या हवालदाराला विचारा.

दुसरा आक्षेप भावनेचा असला तरी पोकळ नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या रेल्वे स्थानकात कलाश्निकोव घेतलेल्या दोन हल्लेखोरांसमोर जुन्या .३०३ रायफली आणि लाठ्या घेऊन पोलीस उभे होते. ती वेळ अमरावतीवर किंवा अकोल्यावर येणार नाही असे कोण म्हणेल? अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली आहेत. सुरक्षेच्या जागा वाढल्या आहेत. अशा हल्ल्यासाठी जिल्ह्याच्या शीघ्र प्रतिसाद पथकाकडे सैन्याच्या दर्जाची कार्बाइन असलीच पाहिजे, यावर वादच नाही. बंद इमारतीत, जिन्यात, विमानतळाच्या दालनात हेच हत्यार योग्य आहे. त्याच्यासाठीच ते जन्मले आहे. पण त्या रात्रीचा धडा केवळ हत्याराचा नव्हता. दहा हल्लेखोरांनी सुमारे साठ तास शहर रोखून धरले ते प्रतिसादातल्या विलंबामुळे, समन्वयाच्या अभावामुळे आणि ज्यांच्या हाती बंदूक होती त्यांनी ती वर्षानुवर्षे नीट चालवलेली नसल्यामुळेही. नवे हत्यार घेऊन जुनाच सराव ठेवला तर पासष्ट हजार रुपयांना आपण फक्त छायाचित्रात शोभणारे पथक विकत घेतो. आखूड नळीला सराव लांब नळीपेक्षा जास्त लागतो. माशी आणि पाठीमागची खाच यांतले अंतर कमी, म्हणून हाताची बारीक चूकही नेमात मोठी दिसते, आणि आवाज-आगीची सवय नसलेला माणूस पहिल्याच फैरीत डोळे मिटतो. पन्नास माणसांना कार्बाइन देऊन वर्षाला मूठभर राउंड चालवू देण्यापेक्षा दहाजणांना देऊन त्यांच्याकडून महिन्याला शेकड्यांनी राउंड चालवून घेणे स्वस्तही पडेल आणि शहाणपणाचेही ठरेल. वऱ्हाडाच्या शेजारीच, भुसावळजवळ वरणगावला, लहान हत्यारांच्या गोळ्या बनतात. इथल्या पथकांना सरावाचा दारूगोळा मिळत नाही ही सबब भूगोलाला तरी पटणारी नाही.

मग न्यायालयाच्या आवारात कैद्याबरोबर असणारा, कोषागाराच्या दारात किंवा अंगरक्षक म्हणून उभा असलेला पोलीस काय वापरेल? त्याच्यासाठी कमी वेगाची, जवळच थांबणारी गोळी हवी, आणि तशी हत्यारे आपल्याकडे आहेत. जेव्हीपीसी तर रक्षकासाठीच बनली. तिच्या विरोधातला मुद्दा तिच्या खास काडतुसाचा आहे, ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होते आणि त्याची साखळी वेगळी राखावी लागते. जिल्ह्याच्या छोट्या शस्त्रागारात हा त्रास खरोखरच भारी आहे. म्हणून मला ‘अस्मी’ अधिक योग्य वाटते. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी आखलेले हे ९ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल महूची इन्फंट्री स्कूल आणि पुण्याची एआरडीई यांनी मिळून चार महिन्यांत उभे केले. वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, घोड्याचे काही भाग धातूच्या त्रिमितीय छपाईने बनवलेले, आणि जानेवारी २०२१ मध्ये उत्पादनखर्च पन्नास हजारांच्या खाली सांगितला गेला. गोळी तीच, जी पोलिसांच्या पिस्तुलात आणि जुन्या कार्बाइनमध्ये चालते. सैन्याच्या सव्वाचार लाखांच्या गाजावाजात हा पर्याय झाकला गेला आहे.

मेळघाटाचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण तिथे दोन्ही अंतरे एकाच वाटेवर भेटतात. गर्द सागवानात पन्नास मीटरवरचे नीट दिसत नाही, आणि दरीच्या कडेवर आले की पलीकडचा उतार अर्धा किलोमीटर दूर. वनरक्षकाला दिवसभर चढउतार करायचे असतात, त्याच्या दृष्टीने हलकेपणाला मोल आहे. पण शिकाऱ्याच्या टोळीशी सामना असला तरी त्याचे काम चढाईचे नाही, अटकेचे आहे. तिथे स्वयंचलित लष्करी कार्बाइनपेक्षा चांगले दळणवळण आणि वेळेवर पोहोचणारी पोलीस तुकडी जास्त कामाची, असे मी मानतो. याला विरोध असणारे वनाधिकारी असतील, आणि त्यांचा अनुभव ऐकायलाच हवा.

म्हणून गृह विभागाने नव्या कार्बाइनच्या मागणीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात. कोणत्या पथकाला कोणत्या अंतरासाठी कोणते हत्यार, हे जिल्हानिहाय जाहीर करावे. त्यात गुप्त ठेवण्यासारखे काही नाही, संख्या गुप्त ठेवता येईल. सरावात वर्षाला प्रत्येकामागे किती राउंड खर्च झाले, हा आकडा दर वर्षी विधिमंडळासमोर ठेवावा. आणि गडचिरोलीहून परतलेली राखीव दलाची कंपनी अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बंदोबस्ताला निघण्याआधी तिची जंगलातली हत्यारे मुख्यालयाच्या शस्त्रागारात जमा व्हावीत. गल्लीत तिने ढाल, लाठी, गॅस गन आणि नावानिशी नोंदवलेल्या मोजक्या नेमबाजांच्या रायफली एवढेच घेऊन उतरावे, आणि कार्बाइन फक्त शीघ्र प्रतिसाद पथकाच्या कुलपात असाव्यात.